वाचकांचे प्रश्न: राखणदाराच्या वहाणा आणि चौथीचा वर्ग

गावोगावच्या लोककथा वर्गात नुसत्या वाचून दाखवू नयेत, त्यांत मुलांना शिरू द्यावे, असे मी गेल्या अंकात या सदरात लिहिले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे फिरून फिरून एकाच पात्रापाशी येऊन थांबली आहेत, आणि ते पात्र म्हणजे गावाचा राखणदार, रात्री गावाची राखण करत फिरतो असे लोक मानतात तो अदृश्य रक्षक. गोव्यात यात नवल नाही. म्हणून या वेळी इतर पत्रे बाजूला ठेवून फक्त याच पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी सत्तरी तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथी मिळून माझ्याकडे बावीस मुले आहेत. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून एक गोष्ट लिहून आणा, असे सांगितले, तर चौदा मुलांनी राखणदाराची गोष्ट आणली. कोणी लिहिले आहे की तो माडाएवढा उंच असतो, कोणी लिहिले आहे की त्याचे तोंड आजवर कोणाला दिसलेले नाही. हातात दांडा, खांद्यावर कांबळे, पायांत चामड्याच्या वहाणा आणि पेटती चूड, एवढे मात्र बहुतेकांचे सारखे आहे. या पात्रावर वर्गात नाट्य घेण्याची इच्छा आहे. परंतु ज्याला कोणी पाहिले नाही त्याला उभे कसे करावे, आणि त्याचे सोंग कोणत्या मुलाला द्यावे?

उत्तर : बाई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ते सोंग कोणत्याही मुलाला देऊ नका आणि तुम्ही स्वतःही घेऊ नका. वर्गात राखणदाराची जागा रिकामी राहिली पाहिजे. बाकीचे सगळे गाव उभे करा.

हे मी चुकून शिकलो आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेत मी वर्गातल्या सर्वांत उंच मुलाच्या अंगावर घोंगडी टाकली, हातात काठी दिली आणि त्याला दारातून आत आणले. तो उंबऱ्यावर येईपर्यंत वर्ग श्वास रोखून बसला होता. मग घोंगडीखालून गणवेशाची निळी चड्डी दिसली आणि वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातील बाई काय झाले ते पाहायला आल्या. गूढ गेले ते गेलेच, शिवाय शाळा सोडेपर्यंत त्या मुलाला सगळे ‘देवचार’ (राखणदाराचेच दुसरे नाव) म्हणूनच हाक मारत राहिले. ती हाक त्याला टोचत होती, हे मला फार उशिरा कळले.

गावकऱ्यांनीही त्याला कुठे उभे केले आहे? बेताळाची गोष्ट वेगळी. दक्षिण गोव्यातील लोलये गावची बेताळाची भव्य पाषाणमूर्ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पण आपल्या वाड्यावरच्या राखणदाराची जागा म्हणजे बहुधा एखादा दगड किंवा जुने झाड, आणि त्याच्यापुढे ठेवलेल्या वस्तू. त्याचे रूप दाखवायचे नाही, मात्र त्याला काय काय लागते ते सगळे मांडून ठेवायचे, ही रीत लोकांनी आपोआप शोधून काढलेली आहे आणि वर्गासाठी तिच्याहून चांगली रीत मला माहीत नाही. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या मोठमोठ्या वहाणा अर्पण करतात. देव रात्री त्या घालून गावाची राखण करत फिरतो आणि म्हणून त्या झिजतात, अशी तेथील श्रद्धा आहे. आपल्याकडेही राखणदाराच्या वहाणांच्या अशाच गोष्टी सांगितल्या जातात. कोणी चालताना दिसले नाही, पण टाच झिजलेली आहे: एवढ्यावर बावीस मुलांचा वर्ग आठवडाभर चालू शकतो.

तेव्हा सुरुवात वहाणांनीच करा. कोणाच्या तरी घरून खऱ्या वापरलेल्या, झिजलेल्या चामड्याच्या वहाणा मागून आणा, वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर ठेवा, आणि राखणदाराचे नाव अजिबात न काढता एवढेच सांगा की, या आज सकाळी सापडल्या, त्या कोणाच्या असाव्यात हे शोधायचे आहे. मुलांना हाताळू द्या. कोणत्या बाजूची टाच जास्त झिजली आहे, अंगठ्याचा पट्टा कितीदा शिवला आहे, तळाला लागलेली माती रस्त्यावरची लाल आहे की ओहोळाकाठची काळी, हा माणूस ओझे घेऊन चालत असेल की रिकाम्या हातांनी, चढणीवर जास्त चालत असेल की सपाटीवर? मुले निरीक्षण करतात आणि निरीक्षणातून माणूस रचतात. कोणीतरी राखणदाराचे नाव काढीलच. ते काढल्यावर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे काहीही म्हणू नका. ‘असे तुला कशावरून वाटते?’ असे विचारा. पुढच्या सगळ्या तासांत तुम्हाला बहुतेक हाच एक प्रश्न विचारायचा आहे.

दुसऱ्या दिवशी गाव वसवा. ते गाव काल्पनिक असावे, त्याचे नाव मुलांनी ठेवावे, आणि त्यात तुमच्या गावच्या देवस्थानाचे, वाड्याचे किंवा प्रत्यक्ष राखणदाराचे नाव येऊ देऊ नये. तो ज्यांच्या श्रद्धेचा विषय आहे त्यांचा आपण वर्गात खेळ मांडत नाही, हे मुलांनाही कळावे आणि पालकांनाही. फळ्यावर किंवा जमिनीवर खडूने नकाशा काढा: ओहोळ, साकव, कुळागर (माडापोफळीची बाग), घाटी, चहूकडे पसरलेले रान, शेवटची बस थांबते ती जागा. मग प्रत्येक मुलाला असे काम द्या की त्याला अपरात्री घराबाहेर पडावेच लागते. उजाडण्यापूर्वी पाव घेऊन निघणारा पोदेर, शेवटच्या बसचा वाहक, अडलेल्या बाळंतिणीकडे बोलावलेली वयजीण (सुईण), रानडुकरांपासून पीक राखायला माळ्यावर जागणारा शेतकरी, संध्याकाळी परत न आलेली गाय शोधायला निघालेला राखणा, म्हणजे गुराखी. अशा माणसांनाच राखणदार भेटतो. दिवेलागणीला पाटावर बसून जेवणाऱ्यांना तो कशाला भेटेल? जोड्या करून एकाने दुसऱ्याची साक्ष नोंदवावी: काल रात्री तुम्ही कुठे होता, काय ऐकले, तेव्हा काय केले? ‘काय पाहिले’ हा प्रश्न मुद्दाम टाळावा, म्हणजे मुले ऐकू येणाऱ्या गोष्टींकडे वळतात: दगडावर आपटणारी काठी, कुत्र्यांचे एकाएकी गप्प होणे, पुढे पुढे जाणारी चूड. ज्याला वाट सापडत नव्हती तो त्या उजेडामागून घरापर्यंत आला, ही कथा तुमच्या चौदा कागदांत कुठेतरी असणारच.

आता तुमचे सोंग. तिसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात शिक्षिका म्हणून येऊ नका, पणजीहून आलेली तरुण अभियंता म्हणून या. रस्ता रुंद करायचा आहे, नकाशावर एक दगड आडवा येतो, तो हलवायचा आहे. परंतु कामगार हात लावायला तयार नाहीत आणि कारण कोणी सांगत नाही. तुम्हाला गावाबद्दल काहीही ठाऊक नाही. तुम्ही विचारत राहायचे आणि मुलांनी तुम्हाला समजावून सांगायचे. शिक्षकाने स्वतः भूमिका घेऊन नाट्याच्या आत शिरण्याची ही पद्धत डोरोथी हीथकोट या इंग्रज बाईंनी रूढ केली. त्या 1926 साली जन्मल्या, कोवळ्या वयात कापडगिरणीत कामाला लागल्या, आणि पुढे न्यूकॅसल येथे त्यांनी कित्येक पिढ्यांच्या शिक्षकांना वर्गातले नाट्य शिकवले. 2011 साली त्या वारल्या. त्यांच्या पद्धतीतील मर्म असे की, शिक्षक जेव्हा न जाणणारा होतो तेव्हा मुले जाणणारी होतात. तुम्ही राखणदार झालात तर वर्गातील सगळे अधिकार पुन्हा तुमच्याकडेच येतील, शिवाय मुले घाबरतील. तुम्ही अडाणी अभियंता झालात तर त्यांना आपली आजी काय सांगते ते नीट, क्रमाने, समोरच्याला पटेल असे बोलावे लागेल. एक टॉवेल किंवा फाइल हाताशी ठेवा. फाइल हातात असेल तेव्हा मी अभियंता, ती टेबलावर ठेवली की मी तुमची बाई, हे आधीच ठरवून घ्या आणि ते काटेकोरपणे पाळा, कारण तिसरीतील मूल या बाबतीत तुमच्या एका चुकीनेही गोंधळते.

त्या सभेत गाव एकमताचे असणार नाही, आणि ते तसे करण्याचा प्रयत्नही करू नका. पोदेर म्हणेल, मला रोज साकवावर सोबत लागते, दगड हलवू देणार नाही. वाहक म्हणेल, वळणावर दरवर्षी अपघात होतात, रस्ता हवाच. कोणी म्हणेल, दगड विधिपूर्वक बाजूला नेऊ. कोणी, बहुधा मागच्या बाकावरचे, म्हणेल की दगड हलवला तरी तो फिरायचा थांबणार थोडाच. हे शेवटचे वाक्य एकदा माझ्या वर्गात एका मुलीने म्हटले होते, आणि त्यानंतर अर्धा मिनिट कोणीच बोलले नाही. तो अर्धा मिनिट मी लेखी उत्तरांच्या कोणत्याही गठ्ठ्याहून मोलाचा मानतो.

शेवटच्या तासाला गावाच्या वतीने गाऱ्हाणे, म्हणजे देवापुढे सर्वांसाठी घालायची विनवणी, रचून घ्या. गाऱ्हाण्याचा साचा मुलांच्या कानांत असतोच. एकाने म्हणायचे आणि सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ असा हुंकार द्यायचा. मात्र तुमच्या देवळातील गाऱ्हाण्याचे शब्द उचलू नका. आपल्या काल्पनिक गावाला कशाची राखण हवी आहे ते मुलांनी आपल्या शब्दांत मागावे. शेवटची बस चुकू नये, साकवावर दिवा लागावा, आई रुग्णालयातून लवकर घरी यावी, अशी मागणी आली की समजा, राखणदार कोण आहे या प्रश्नाच्या पलीकडे जाऊन मुले तो कोणासाठी आहे या प्रश्नापर्यंत पोहोचली. वहाणा तोपर्यंत टेबलावर तशाच असू द्या. त्यांच्यापुढची खुर्चीही रिकामी असू द्या.

प्रश्न : आम्ही तिसवाडीत राहतो. माझ्या मुलीच्या वर्गात देवचारावर नाटक झाले, त्यानंतर ती आठ दिवस दिवा लावून झोपत होती. तिच्या एका ख्रिस्ती मैत्रिणीच्या आईनेही यावर तीव्र नाराजी व्यक्त केली. शाळेने विज्ञान शिकवावे की भुताखेतांची भीती घालावी? हा अंधश्रद्धेचा प्रसार नव्हे काय?

उत्तर : तुमची तक्रार मला अर्धी पूर्णपणे मान्य आहे आणि अर्धी नाही.

मान्य असलेली अर्धी अशी. मूल आठ दिवस घाबरून झोपत असेल तर त्या तासात काहीतरी चुकले आहे, आणि काय चुकले असावे याचा अंदाज बांधता येतो. खिडक्या बंद करून अंधार केला असेल, मागून अचानक आवाज काढला असेल, किंवा तास संपल्यावर मुलांना भूमिकेतून नीट बाहेर न काढता घंटेसरशी घरी सोडले असेल. असे नाट्य नेहमी भर उजेडात, दार उघडे ठेवून घ्यावे. ज्याला भाग घ्यायचा नाही त्याला नकाशा रंगवण्याचे किंवा साक्षी नोंदवण्याचे काम द्यावे. आणि शेवटची दहा मिनिटे गोल बसून, आपापल्या नावाने, काय वाटले ते बोलण्यासाठी राखून ठेवावीत. याहून महत्त्वाची एक गोष्ट शिक्षकांसाठी येथेच सांगून ठेवतो. अंगात येणे, अवसर, भार या गोष्टींची नक्कल वर्गात कधीही करू देऊ नये. मुले गंमत म्हणून घुमू लागतात आणि एखादे मूल खरोखरच थांबू शकत नाही; तेव्हा त्याला आवरण्याचे कौशल्य आपल्यापैकी कोणाकडेही नसते.

तुमच्या मुलीच्या मैत्रिणीच्या आईचा मुद्दाही नीट ऐकून घेण्यासारखा आहे, कारण तो शब्दाचा आहे. हिंदू घरांत ‘देवचार’ म्हणजे गावाचा रक्षक. परंतु ख्रिस्ती कोकणीत तोच शब्द सैतानासाठी वापरला जातो, आणि त्या अर्थाने तो पिढ्यान्पिढ्या त्यांच्या प्रार्थनेत व प्रवचनात आलेला आहे. ज्या मुलीने घरी हा अर्थ ऐकला आहे तिला शाळेत देवचाराला बोलावू या, असे सांगितले तर ती दचकणारच. वर्गात ‘राखणदार’ किंवा ‘राखणो’ हाच शब्द वापरावा. यावरून हा विषय एका धर्माचा आहे, असे मात्र समजू नये. बार्देशातील शिवोलीचा जागर नाताळानंतर भरतो, गावाची राखण करणाऱ्या जागऱ्योच्या नावाने भरतो, आणि त्यात हिंदू व ख्रिस्ती दोन्ही घराण्यांचे मान आहेत. जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांत, देवळे गेली, धर्म बदलले, तरी बांध राखणाऱ्याचा मान राहिला, ही गोष्ट वर्गात सांगितली तर त्या दोन्ही मुली एकाच बाकावर बसून ऐकतील.

न मान्य असलेली अर्धी आता. राज्यघटनेच्या 51अ या कलमाने वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि चिकित्सक वृत्ती यांचा विकास करणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. चिकित्सा करायची तर समोर काहीतरी असावे लागते, आणि मुलाच्या आजीने सांगितलेल्या गोष्टीइतके जवळचे काहीही समोर नसते. ‘राखणदार नाही’ असे फळ्यावर लिहून मुलांकडून दहा वेळा उतरवून घेतल्याने चिकित्सा होत नाही. ती पाठांतराची एक नवी जात होते. ‘राखणदार आहे’ असे सांगणे शाळेचे काम नाही, हे उघडच आहे. नाट्य या दोहोंच्या मध्ये एक जागा देते: गोष्ट काय सांगते, लोक काय करतात, आणि आपल्याला प्रत्यक्ष काय ठाऊक आहे, हे तीन वेगवेगळे कागद.

तुम्ही तिसवाडीतले आहात म्हणून तुमच्याच परिसरातील उदाहरण देतो. मांडवी आणि जुवारीच्या काठची खाजन जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली असते आणि मातीच्या बांधांनी तगलेली असते. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारे. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा ती मिटतात, ओहोटीला आतले पाणी त्यांना उघडते. कुर्ल्या (खेकडे) बांधात बिळे करतात, बिळातून पाणी झिरपते, झिरपणारे पाणी माती नेते, आणि एका रात्रीत बांध फुटून खारे पाणी भातात शिरते. खारटपणा सोसणारे कोरगुट भातसुद्धा असे पाणी साचून राहिले तर टिकत नाही. उधाण येते अमावास्येला आणि पौर्णिमेला. आता मुलांना विचारा, बांधावरून चूड घेऊन कोणीतरी फिरलेच पाहिजे अशा रात्री कोणत्या? आणि राखणदार हमखास फिरतो असे आजी सांगते त्या रात्री कोणत्या? मुले वहीवर दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहितात आणि वर बघतात. या जुळणीतून राखणदाराची कथा अशीच जन्मली असे सिद्ध होत नाही, आणि मुलांनी तसे म्हटले तर त्यांनाही ‘कशावरून?’ असे विचारावेच. परंतु पुरावा, अंदाज आणि श्रद्धा यांच्यातील फरक शिकवायला मला याहून चांगला धडा पाठ्यपुस्तकात आढळलेला नाही.

तुमच्या मुलीपुरते एक करा. तिला बांधावर घेऊन जा, दिवसा, ओहोटीच्या वेळी, आणि मानशीची दारे उघडताना दाखवा.

प्रश्न : मी फोंड्यात हौशी रंगभूमीवर काम करतो. एका शाळेने वार्षिक स्नेहसंमेलनासाठी मला याच विषयावर वीस मिनिटांचे नाटक बसवायला सांगितले आहे. प्रेक्षकांसमोर तरी राखणदार दाखवावाच लागेल ना? दिवे, धूर आणि मोठा आवाज यांची सोय आहे.

उत्तर : धूर आहे म्हणून सोडायलाच हवा असे नाही.

वर्गातले नाट्य आणि संमेलनातले नाटक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी शाळेला सांगा. पहिल्यात प्रेक्षक नसतो, पाठांतर नसते, आणि चुकण्याला शिक्षा नसते. मुले शोधण्यासाठी सोंग घेतात. दुसऱ्यात ती सापडलेले दाखवतात. म्हणून संहिता लिहून घेऊन तालमी सुरू करण्याची घाई करू नका. आधी तीनचार तास वर उल्लेखिलेल्या पद्धतीने मुलांबरोबर साक्षी गोळा करा आणि त्यांच्या तोंडून जी वाक्ये येतील तीच ठेवा. ‘हे राखणदारा, तू आमच्या पावन भूमीचा रक्षक’ असले वाक्य नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडी मोठ्या माणसाने घातलेले असते, आणि ते पाचव्या रांगेपर्यंत ओळखू येते.

दाखवण्याबाबत माझे मत बदललेले नाही. रंगमंचाच्या मध्यभागी वहाणांचा जोड ठेवा आणि त्याच्यावर एकच मंद प्रकाशझोत असू द्या. सगळी पात्रे त्या जागेला वळसा घालून जातील, कोणीही तिच्यावरून चालणार नाही, एवढा नियम पाळला तर दहाव्या मिनिटाला प्रेक्षकांना तिथे कोणीतरी उभे असल्याचे दिसू लागते. काठीचा आवाज ध्वनिक्षेपकातून न सोडता विंगेतील एका मुलाकडून फळीवर प्रत्यक्ष वाजवून घ्या. तो प्रत्येक वेळी किंचित वेगळा पडतो आणि म्हणून जिवंत वाटतो. सगळ्या मुलांना काम हवे असेल तर निम्म्यांना रात्र करा: कुत्री, बेडूक, माडाच्या झावळ्या, ओहोळ. काठीचा आवाज येताच रात्र गप्प होते. यापेक्षा जास्त काही करण्याचा मोह झाला तर धुराच्या यंत्राची तार काढून ठेवा.

प्रश्न : मी पेडण्याची, शिक्षकी पेशातून निवृत्त झालेली आहे. माझा नातू शाळेतून राखणदाराची जी गोष्ट शिकून आला ती आमच्या घराण्यात सांगतात तशी नाही. आमच्याकडे तो म्हातारा आहे, रागावतो, वाटेत घाण केली तर चकवा लावतो, आणि रोट (नैवेद्याची जाड भाकरी) दिला की शांत होतो. शाळेतला मात्र नुसता प्रेमळ! शिवाय मुलांनी साक्षी कोकणीत दिल्या आणि बाईंनी त्या मराठीत लिहून घेतल्या. यातले खरे कोणते आणि योग्य कोणते?

उत्तर : बाई, तुमचा म्हातारा त्या वर्गात जायला हवा होता. राखणदाराला नुसता प्रेमळ करून टाकण्याची खोड आम्हा शिक्षकांना आहे. आम्हाला वाटते, मुलांसमोर सगळे गोडच असावे. पण जो रागावू शकत नाही त्याने राखण कशी करावी? वाट चुकलेल्याला घरी पोहोचवणारा आणि वाट विसरायला लावणारा एकच आहे, यातच तर त्याचे गूढ आहे. वर्गात एक मोठा कागद भिंतीला लावावा, मधोमध फक्त माणसाची रिकामी बाह्यरेखा काढावी, आणि प्रत्येक मुलाने आपल्या घरी सांगितलेली गोष्ट, सांगणाऱ्याचे नाते आणि गाव यांसह तिच्याभोवती लिहावी. दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध निघाल्या तर दोन्ही ठेवाव्यात. शिक्षकाने त्यांची सरासरी काढू नये.

भाषेविषयी म्हणाल तर मला यात दोष दिसत नाही. आजीने जी भाषा वापरली त्याच भाषेत साक्ष आली पाहिजे, नाहीतर मूल सांगणे सोडून भाषांतर करू लागते आणि काठीच्या आवाजाचा, अंधाराच्या जातींचा, वाटेच्या वळणांचा नेमका शब्द हरवतो. त्या साक्षीवरून अभियंत्याला द्यायचे निवेदन मराठीत लिहावे. तिथे मराठी शिकण्याला कारण मिळते. जे शब्द मराठीत येत नाहीत ते तसेच राहू द्यावेत.

आणि पेडण्याच्या माणसाला उत्स्फूर्त संवादाचे अप्रूप ते काय? दशावतारी नटाकडे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, कोण कोणती भूमिका करणार ते ठरते, आणि बोलणे ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे असते. मी वर हीथकोटबाईंचे नाव घेतले, ते शिक्षकांच्या प्रशिक्षणात चालते म्हणून. तुमच्या नातवाच्या शाळेने त्याऐवजी एखाद्या दशावतारी कलाकाराला तासभर बोलावले आणि संवाद ऐनवेळी कसा सुचतो एवढेच विचारले, तरी चालेल. तुम्ही स्वतः जाऊन बसलात आणि मुलांनी तुम्हाला प्रश्न विचारले, तर आणखी चांगले. मात्र शिक्षिका म्हणून उत्तरे देऊ नका. ज्या म्हाताऱ्याला तुम्ही लहानपणी घाबरत होता त्याच्याविषयी लहानपणीची मुलगी होऊन सांगा.

प्रश्न : मी चौथीत आहे. आमच्या वर्गात राखणदाराचे नाटक संपले. बाईंनी आणलेल्या वहाणा अजून कपाटावर आहेत. त्या आता राखणदाराला नेऊन द्यायच्या का?

उत्तर : नको. त्या आपण नाटकासाठी मागून आणलेल्या आहेत आणि ज्या घरून आणल्या त्या आजोबांच्या आहेत, म्हणून त्यांनाच परत द्यायच्या. देण्यापूर्वी पुसू नका. तळाला कोणती माती आहे ते तुम्ही वहीत लिहिले आहे, ती तशीच असू दे. आणि आजोबांना एक गोष्ट विचारून या, जी वर्गात कोणीच विचारली नसेल: या वहाणा घालून ते रात्री कुठे कुठे चालले होते?